मोरीच्या पाण्यावरची परसबाग

चातुर्मासभर वर्ज्य असलेले वांगे चंपाषष्ठीला पुन्हा ताटात येते आणि तेव्हापासून थंडी सरेपर्यंत जळगाव जिल्ह्यात भरिताच्या पंगतींना खंड नसतो. शेतात कपाशीच्या वाळक्या काड्यांचा जाळ करायचा, हिरवट सालीवर पांढुरक्या रेघा असलेली जाडजूड वांगी त्यात भाजायची, साल सोलून गर ठेचायचा आणि कळण्याच्या भाकरीबरोबर नाहीतर पुरीबरोबर पोटभर खायचे. यावल तालुक्यातल्या बामणोदचे नाव या वांग्याशी जोडले गेले आहे आणि २०१६ मध्ये जळगावच्या भरीत वांग्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. कौतुक सगळे वांग्याच्या वाट्याला जाते. पण त्याच भरितात आणखी काय पडते तेही पाहायला हवे. हिरव्या मिरच्या, लसूण, कांद्याची पात, वरून कोथिंबीर. वांगी किलोंनी लागतात, पात आणि कोथिंबीर मुठीने. वांगे टोपलीत चार दिवस निवांत पडून राहते. कोथिंबिरीची जुडी सकाळी बाजारातून आणली तर संध्याकाळी माना टाकते, आणि पुष्कळदा मुठीची गरज असताना अख्खी जुडी घेऊन तिचा निम्मा भाग केरात जातो. घरी काय लावावे या प्रश्नाचे उत्तर या फरकात आहे. जे वजनाने लागते आणि टिकते ते शेतकऱ्याकडून घ्यावे. जे मुठीने लागते आणि टिकत नाही ते दारात असावे. आज गच्चीवरच्या बागांत नेमके उलटे दिसते. टोमॅटो, कोबी, फ्लॉवर यांच्या कुंड्यांची रांग असते आणि फोडणीतला कढीपत्ता मात्र भाजीवाल्याकडून मागून घेतलेला असतो.

हे म्हणणे आकड्यांवर तपासता येते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शिफारशीप्रमाणे माणशी रोज सुमारे ४०० ग्रॅम भाज्या पोटात जायला हव्यात, त्यांत १०० ग्रॅम पालेभाजी असावी. चौघांच्या घराला म्हणजे दिवसाला १ किलो ६०० ग्रॅम, वर्षाला जवळपास ५८४ किलो. हेक्टरी २० टन भाजी निघाली तर चौरस मीटरला २ किलो पडते. वर्षात तीन पिके घेतली, एकही बुडाले नाही असे धरले, तरी या घराला ९७ चौरस मीटर वाफे लागतील, म्हणजे हजार चौरस फुटांहून जास्त. गच्चीच्या आकाराची नुसती माती. शहरात हे कोणाला जमणार? आता फक्त पालेभाजीचा हिशोब करू. चौघांना रोज ४०० ग्रॅम, महिन्याला १२ किलो. महिन्याला चौरस मीटरमागे किलोभर पाला निघतो असे ढोबळ माप धरले तर १२ चौरस मीटर पुरतात, साधारण १३० चौरस फूट. निम्मी गरज भागवायची म्हटले तर ६५. आणि केवळ मुठीच्या वस्तू, म्हणजे कोथिंबीर, लसणाची पात, मिरची, कढीपत्ता, गवती चहा, ओव्याची पाने एवढेच लावायचे ठरवले तर गॅलरीतले पाच-सात डबेही चालतात. घरची भाजी खाऊन स्वयंपूर्ण होण्याची भाषा करणाऱ्यांनी हा गुणाकार एकदा करून पाहावा. परसबाग पोटाला पुरत नाही; चवीला आणि ताजेपणाला पुरते.

खानदेशात मात्र जागेआधी पाण्याचा प्रश्न येतो. धुळे जिल्ह्याचा मोठा भाग पर्जन्यछायेत आहे. शहरांत नळाला रोज पाणी येईल याची शाश्वती नाही, आणि मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांच्या आसपास रेंगाळतो. १ मिलिमीटर पाणी उडून जाणे म्हणजे दर चौरस मीटरमागे १ लिटर पाणी जाणे. हिवाळ्यात इथे दिवसाला साधारण चार मिलिमीटर पाणी उडते असे धरले, तर पालेभाजीच्या १२ चौरस मीटर वाफ्याला रोज ४८ लिटर लागतात. मे महिन्यात तेच माप दहा-बारा मिलिमीटरच्या घरात जाते आणि त्याच वाफ्याला सव्वाशे-दीडशे लिटर द्यावे लागतात. जलजीवन मिशनमध्ये ग्रामीण भागासाठी माणशी दिवसाला ५५ लिटरचे माप धरले आहे, म्हणजे चौघांना २२०. त्यातले ४८ लिटर दुसऱ्यांदा वापरून भागवणे शक्य आहे, दीडशे नाही. परसबाग इथे आठ महिन्यांची आहे, जूनच्या पावसापासून फेब्रुवारीपर्यंतची. हे कबूल केले की अर्ध्या अडचणी संपतात.

पाणी पाहून पीक ठरवणे खानदेशाला नवे नाही. धुळे जिल्ह्यात पांझरेसारख्या नद्यांवर शेकडो वर्षे चाललेली फड बागायत याच सूत्रावर उभी होती. बंधाऱ्याखालच्या जमिनीचे फड पाडलेले असत, कोणत्या फडात यंदा कोणते पीक हे सगळ्यांनी मिळून ठरवायचे, पाटकरी त्याप्रमाणे पाणी फिरवणार, जागल्या राखण करणार. पाणी कमी असेल त्या वर्षी एखादा फड कोरडा राही आणि तोटा सगळे मिळून सोसत. ठिबक सिंचनाचा मोठा उद्योग जळगावात वाढला, तोही याच टंचाईच्या मातीत. तरीसुद्धा या भागात मळ्यातली केळी थेंबाथेंबाने पाणी पितात आणि घरची कुंडी नळीच्या धारेने भिजते, हे जरा विचित्र आहे. शेतातून काढलेल्या जुन्या ठिबकच्या नळीचा दहा-वीस फुटांचा तुकडा आणि उंचावर ठेवलेली बादली एवढ्यात हे काम होते.

मग पाणी आणायचे कुठून? जुन्या घरांनी याचे उत्तर दिलेले आहे. मोरीचे पाणी जिथे बाहेर पडे तिथे केळ आणि अळू असे. पालेभाजीचा वाफा त्या पन्हळीवर नसे. ही मांडणी डोळस होती. अंघोळीच्या आणि धुण्याच्या पाण्यात साबण, सोडा, शिवाय जंतू. केळीचे फळ उंचावर आणि सालीत बंद, अळूचे पान शिजवल्याशिवाय खाल्ले जात नाही. कच्ची खायची कोथिंबीर त्या पाण्यावर वाढवणे आजही चूकच ठरेल. तिच्यासाठी तांदूळ-डाळी धुतलेले, भाजी निवडून विसळलेले पाणी वेगळे धरावे. चौघांच्या स्वयंपाकघरातून असे एक-दोन बादल्या पाणी सहज निघते, गच्चीवरच्या डब्यांना तेवढे पुरते. धुण्याच्या पाण्याबद्दल आणखी एक सावधगिरी. कपडे धुण्याच्या पावडरीत सोडियमचे क्षार असतात. तापीकाठची काळी माती मुळातच चिकट, ओली झाली की फुगणारी आणि वाळली की भेगाळणारी. सोडियम साचत गेले की ती घट्ट होते आणि पाणी वरच तुंबते. आरओ मशिनमधून वाया जाणाऱ्या पाण्याचेही तसेच आहे. ते पाणी स्वच्छ दिसते, पण मूळ पाण्यातले क्षार त्यात एकवटलेले असतात. साध्या पाण्यात मिसळून, आणि पावसाळ्यात माती धुऊन निघेल अशा ठिकाणीच ते वापरावे. फुकटचे पाणी म्हणून रोज तेच घालत राहिले की वर्षभरात कुंडीच्या कडेला पांढरी खार चढलेली दिसते.

यावर नेहमीचा आक्षेप असा की खानदेश मुळातच भाजीपाल्याचा मुलूख. हिवाळ्यात मेथी-पालकाच्या जुड्या मातीमोल भावाने मिळतात, मग डब्यात माती कालवत कोण बसणार? पैशांपुरता आक्षेप बरोबर आहे. डबे, खत, बियाणे आणि वेळ यांचा खर्च धरला तर घरची मेथी बाजारापेक्षा महागच पडेल, आणि बचतीचे आमिष दाखवून कोणाला बागेकडे वळवू नये. पण स्वस्ताई ऋतूची असते. भर पावसाळ्यात पालेभाजी शेतात सडते आणि कोथिंबिरीच्या जुडीला हात लावू नये असा भाव होतो, तेव्हा पत्र्याच्या आडोशाला ठेवलेले दोन डबे कामाला येतात. शिवाय पाला तोडल्या क्षणापासून त्यातले क जीवनसत्त्व घटू लागते, आणि उन्हात ही घट झपाट्याने होते. शेतातून बाजारात, बाजारातून हातगाडीवर, हातगाडीवरून घरात येईपर्यंत जुडीतले बरेच काही उडून गेलेले असते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. दोन वाफे मेथीने हा आकडा हलणार नाही, कारण पाल्यातले लोह शरीरात फार थोडे शोषले जाते. पण जेवणात लिंबू किंवा कच्ची कोथिंबीर असली की तेच लोह जास्त लागू पडते, आणि रक्त तयार व्हायला लागणारे फोलेट ताज्या पाल्यात भरपूर असते. ‘उमेद’ अभियानात बचत गटांच्या बायकांनी घराभोवती पोषण परसबागा केल्या, त्यामागचा विचार हाच आहे. जिथे बाजार आठवड्यातून एकदाच भरतो त्या गावात उरलेल्या सहा दिवसांची पालेभाजी दारातूनच यायची असते.

आता काय लावावे. लसणाचे उदाहरण सगळ्यात सोपे. कोंब फुटलेल्या बारीक पाकळ्या, ज्या सोलायचा कंटाळा येतो म्हणून टाकल्या जातात, टोक वर करून बोटभर अंतरावर डब्यात खोचायच्या. थंडीत दोन-तीन आठवड्यांत वीतभर पात येते. ती बुडापासून न कापता दोन बोटे ठेवून कापली की पुन्हा फुटते. मोड आलेले कांदेही असेच लावता येतात. कोथिंबिरीसाठी धणे पोळपाटावर लाटण्याने हलके दाबून दोन फोडी करायचे, कारण एका धण्यात दोन बिया असतात. दर पंधरा दिवसांनी एक डबा पेरला की खंड पडत नाही. सगळे डबे एकदम पेरणारा माणूस एकदाच कोथिंबीर खातो. उष्मा वाढला की कोथिंबीर आणि पालक पाला सोडून फुलोऱ्यावर येतात, टोमॅटोची फुले गळतात. तिथे हट्ट करण्यात अर्थ नाही. उन्हाच्या तोंडाला माठ, पोकळा, तांदुळजा आणि घोळ ही मंडळी टिकतात, आणि त्याला कारण आहे. या भाज्या ज्वारी-मक्याप्रमाणे कडक उन्हात कमी पाण्यावर अन्न तयार करू शकतात. घोळ तर पाणी फारच तुटले की दिवसा पानांची छिद्रे मिटून घेते आणि हवा रात्री आत घेते. तण म्हणून उपटली जाणारी ही भाजी खानदेशाच्या हवामानाला पालकापेक्षा कितीतरी जवळची आहे. जमीन असेल तर एक शेवगा आणि एक कढीपत्ता लावून द्यावा. दोन्ही झाडे एकदा रुजली की पाण्याची फारशी कुरकुर करत नाहीत.

भेंडीबद्दल मात्र विचार करूनच पाऊल टाकावे. भेंडी, अंबाडी आणि कपाशी एकाच कुळातल्या, त्यामुळे कपाशीवरचे तुडतुडे आणि पांढरी माशी घरच्या भेंडीला परके मानत नाहीत. ऑगस्ट-सप्टेंबरात आजूबाजूला कपाशीचे शिवार असेल तर परसातल्या चार झाडांवर ही फौज उतरते, पांढरी माशी पाने पिवळी पाडणारा विषाणू आणते, आणि निंबोळी अर्क फवारून घरमालक दमतो. चार भेंड्यांसाठी रासायनिक औषध मारायचे असेल तर घरी पिकवण्याचे कारणच उरत नाही.

फ्लॅटवाल्यांची हरकत गच्चीच्या स्लॅबची. ती रास्त आहे. वीतभर जाडीची ओली माती चौरस मीटरला साडेतीनशे किलोंच्या घरात जाते, आणि वावरण्याच्या गच्चीवर माणसासामानाचा भार चौरस मीटरला साधारण १५० किलो धरलेला असतो. थेट स्लॅबवर विटा रचून वाफे करणाऱ्यांनी हे आकडे इंजिनिअरला दाखवावेत. सुटे डबे, तेही तुळया आणि भिंतींच्या रेषेवर, खाली विटांचे पाय देऊन ठेवावेत, म्हणजे पाणी मुरून गळतीही होत नाही. मातीत निम्मे शेणखत आणि केळीच्या वाळक्या पानांचे कुजलेले खत मिसळले की वजन उतरते. केळीचा पाला या जिल्ह्यात विकत घ्यावा लागत नाही.

वेलांपैकी गिलकी आणि दोडकी ही घरची म्हणावीत अशी. जिन्याच्या कठड्यावर नाहीतर पत्र्यावर चढवली की जागा खात नाहीत आणि पावसाचे पाणी त्यांना पुरते. फळ धरत नाही ही तक्रार बहुतेक वेळा परागीभवनाची असते. गिलक्याचे फूल पहाटे उमलते, मधमाशा त्यावर येतात. दोडक्याचे फूल संध्याकाळी उमलते, आणि तिसऱ्या मजल्यावर त्या वेळी त्याला भेटायला कोणी येईलच असे नाही. तेव्हा दिवेलागणीला नर फूल तोडून, पाकळ्या मागे मुडपून, मादी फुलाच्या मधोमध हलकेच टेकवावे. मादी फूल ओळखणे सोपे आहे, त्याच्या देठाशी इवलासा दोडका असतोच. वेलावर एखादे फळ मुद्दाम वाळू द्यावे, त्याच्या बिया पुढच्या जूनला चालतात. संकरित बियाण्याची पाकिटे घेणाऱ्याला ही सोय नसते. दुसऱ्या पिढीत ती झाडे मूळची राहत नाहीत.

फेब्रुवारीनंतर शेवगा, कढीपत्ता आणि गवती चहा सोडून बाकी डबे रिकामे करावेत. त्यातली माती गच्चीवर जुन्या कागदावर पातळ थरात पसरून पाण्याने ओलसर करायची, वर पारदर्शक प्लॅस्टिक अंथरून कडा विटांनी दाबायच्या आणि महिना-दीड महिना हात लावायचा नाही. खानदेशाच्या उन्हात त्या प्लॅस्टिकखाली मूळकुज करणारी बुरशी, सूत्रकृमी आणि तणाचे बरेचसे बी मरते, तेही पैसाभर औषध न वापरता. मेअखेरीला माती उकरून गार होऊ द्यावी, त्यात तिसरा हिस्सा नवे शेणखत मिसळावे आणि डबे भरून आडोशाला लावून ठेवावेत. गिलक्याच्या बिया पहिला दमदार पाऊस झाल्यावर टोकायच्या. वळवाच्या सरीला भुलून आधी टोकल्या तर मधल्या उघडिपीत कोंब करपतात.