दारू सोडण्याची गोळी सुरू आहे आणि ऑपरेशन ठरलंय? हे डॉक्टरांना सांगाच

हर्नियाच्या ऑपरेशनआधी डॉक्टर विचारतात, "कोणती औषधं सुरू आहेत?" बीपीची गोळी सांगितली जाते. दारू सोडण्याची गोळी मात्र सोबत नातेवाईक असतात म्हणून लपवली जाते. हा संकोच महागात पडू शकतो.

नाल्ट्रेक्सोन हे औषध मेंदूतल्या ओपिऑइड रिसेप्टरवर जाऊन बसतं, त्यामुळे दारूची ओढ कमी होते. पण मॉर्फिन, फेंटानिल, ट्रामाडॉल ही वेदनाशामकंही तिथूनच काम करतात. जागा आधीच अडलेली असल्याने त्यांचा पुरेसा उपयोग होत नाही. डोस वाढवत नेला, तर श्वास मंदावण्याचा धोका असतो.

म्हणून ठरवून केलेल्या ऑपरेशनआधी ही गोळी साधारण ७२ तास बंद ठेवतात. महिन्यातून एकदा घ्यायचं इंजेक्शन असेल, तर सुमारे ४ आठवडे थांबतात. डायसल्फिरामचा परिणाम शेवटच्या गोळीनंतर १४ दिवसांपर्यंत राहू शकतो. त्या काळात अल्कोहोल असलेल्या सिरपनेही त्रास होऊ शकतो.

पण गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका. व्यसन पुन्हा डोकं वर काढू शकतं. भूलतज्ज्ञ आणि मानसोपचारतज्ज्ञ दोघांना विचारून तारीख ठरवा. ओपिऑइड घेतली असतील, तर ती थांबल्यावर सहसा ७ ते १० दिवसांनीच नाल्ट्रेक्सोन पुन्हा सुरू करतात.

अपघात सांगून होत नाही, म्हणून औषधाचं नाव लिहिलेली चिठ्ठी पाकिटात ठेवा. नातेवाईकांसमोर बोलायचं नसेल, तर डॉक्टरांना म्हणा, "दोन मिनिटं एकट्याने बोलायचंय."