झाड सगळ्यात शेवटी
दिल्लीतल्या शहरी वनीकरणात इंटर्नशिपच्या वाटेनं शिरताना

जुन्या राजिंदर नगरात मराठी कानावर पडली नाही असा दिवस जात नाही. यूपीएससीसाठी आलेली आपली मुलं अभ्यासिकेत बसून ‘अरवली ही जगातल्या सर्वांत जुन्या पर्वतरांगांपैकी एक’ हे वाक्य पाठ करतात. तीच अरवली शंकर रोडनं थोडं पुढे गेलं की दोन्ही हातांना उभी असते. दिल्लीकर तिला ‘रिज’ म्हणतात. मुखर्जीनगरात राहणाऱ्यांना उत्तर रिज तितकीच जवळ आहे. हे रान, यमुनेचा खादर म्हणजे पूरपट्टा, रस्त्याकडेची झाडं आणि गुरुग्राम-फरिदाबादकडच्या खाणींनी पोखरलेल्या टेकड्या सांभाळणं हा एक पेशा आहे आणि त्यात शिरण्याचं साधं दार म्हणजे इंटर्नशिप. त्या दाराबद्दल मात्र समजांपेक्षा गैरसमजच जास्त आहेत.

गैरसमज १ : या क्षेत्रात यायचं तर वनसेवेची परीक्षा हाच रस्ता.

वस्तुस्थिती : वनसेवा हा एक रस्ता आहे आणि तो अरुंद आहे. २०१३पासून तिची पूर्वपरीक्षा नागरी सेवेबरोबरच होते, म्हणून तो सगळ्यांच्या नजरेत असतो एवढंच. शहरातली पुष्कळ झाडं वनखात्याच्या जमिनीवर नसतात. रस्त्याकडेचं झाड बहुधा महापालिकेचं असतं. ल्युटेन्सच्या दिल्लीतले कडुनिंब आणि जांभळं नवी दिल्ली नगरपालिका परिषद (एनडीएमसी) सांभाळते, जैवविविधता उद्यानं दिल्ली विकास प्राधिकरणाकडे (डीडीए) आहेत आणि सरकारी वसाहतींमधली हिरवळ केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाकडे (सीपीडब्ल्यूडी). या प्रत्येकाला आपापला उद्यान विभाग आहे, त्यात सेक्शन ऑफिसरपासून माळ्यापर्यंतची माणसं आहेत. शिवाय १८८३ साली मुंबईत स्थापन झालेली आपली बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी (बीएनएचएस) दक्षिण दिल्लीतल्या असोला भाटी अभयारण्यात संवर्धन शिक्षण केंद्र चालवते. लँडस्केप आर्किटेक्ट, सल्लागार संस्था आणि जागरूक रहिवासी संघ वेगळेच. सर्वोदय एन्क्लेव्हच्या रहिवाशांनी तर आपल्या वसाहतीची वृक्षगणना स्वतःच केली.

गैरसमज २ : हिरवं दिसतं ते जंगल.

वस्तुस्थिती : मध्य रिजवर आत शिरलात तर सोलापूर-मराठवाड्याच्या माणसाला ओळखीचं झाड भेटेल : वेडी बाभूळ. दिल्लीत तिला विलायती कीकर म्हणतात. मूळची अमेरिका खंडातली ही बाभूळ इंग्रजांच्या काळात रिज हिरवी करायला आणली गेली आणि तिनं इथल्या झाडाझुडपांची जागा बळकावली. सरकारी मोजणीत मात्र हाही वनाच्छादनाचाच भाग. भारतीय वन सर्वेक्षणाच्या व्याख्येत एक हेक्टर किंवा त्याहून मोठ्या जागेवर झाडांचं छत्र १० टक्क्यांपेक्षा जास्त असलं की ते वनाच्छादन, मग मालकी कुणाचीही असो नि झाड कुठल्याही जातीचं असो. २०२१च्या अहवालात दिल्लीचं वनाच्छादन १९५ चौरस किलोमीटर, म्हणजे क्षेत्रफळाच्या १३.१५ टक्के भरलं. त्यात वेडी बाभूळ किती, हे त्या आकड्यावरून कळत नाही.

इंटर्न पहिल्या आठवड्यात हेच शिकतो. बाभूळ एकदम तोडायचीही नसते, कारण आज पक्ष्यांचा आसरा तीच आहे. म्हणून तिच्या फांद्या छाटून जमिनीवर ऊन येऊ द्यायचं आणि त्या उजेडात धौ, पळस, हिवर अशी इथलीच झाडं वाढवायची, अशी पद्धत दिल्लीत वापरली जाते. कुऱ्हाड कुठं थांबवायची, हे कळणं हाही या पेशातला धडा आहे.

गैरसमज ३ : इंटर्नशिप म्हणजे खड्डा खणा, रोप लावा, फोटो काढा.

वस्तुस्थिती : ते पाहुण्यांचं काम. इंटर्नच्या हातात फीत असते. जमिनीपासून १.३७ मीटरवर खोडाचा घेर मोजायचा, दोरीनं चौकट आखून आतल्या प्रत्येक रोपट्याची जात लिहायची, गेल्या वर्षी लावलेल्यातली किती जगली ते मोजायचं. रोपवाटिकेत पिशवीच्या तळाशी मुळं गुंडाळी करून बसलीत का, ते पाहायचं. तसं रोप जमिनीत गेल्यावरही वर्षानुवर्षं अशक्त राहतं.

शहरात याला आणखी एक काम जोडलं जातं : खोडाभोवतीचं काँक्रीट. दिल्लीतल्या झाडांभोवती एक मीटरपर्यंतची जागा मोकळी करा, असा आदेश राष्ट्रीय हरित लवादानं २०१३मध्ये दिला. तरी फूटपाथ नवा झाला की आळं पुन्हा बुजतं. मग मुळांना हवा-पाणी मिळत नाही, ती तोडलीही जातात आणि मे-जूनच्या आंधीत असंच झाड आधी कोसळतं. एका गल्लीतल्या अशा झाडांची नकाशासह यादी करणं हे इंटर्नसाठी फार उपयोगाचं काम आहे. अधिकाऱ्याच्या टेबलावर ठेवता येईल असा कागद त्यातून तयार होतो.

गैरसमज ४ : हे वनस्पतिशास्त्रवाल्यांचं काम.

वस्तुस्थिती : झाडापेक्षा जमीन जास्त गुंतागुंतीची असते आणि जमीन कागदात असते. आपल्याकडे सातबारा, तसा तिथं खसरा आणि जमाबंदी. हरियाणाच्या महसुली दप्तरात अरवलीच्या कित्येक तुकड्यांपुढे ‘गैर मुमकिन पहाड’ अशी नोंद असते, म्हणजे लागवड अशक्य असलेला डोंगर. तो वन आहे की नाही, यावर वर्षानुवर्षं वाद झाले आहेत. पंजाब भूसंरक्षण कायदा, १९००च्या कलम ४खाली विशेष आदेश निघालेल्या जमिनींना वनजमीनच मानायचं, असं सर्वोच्च न्यायालयानं जुलै २०२२मध्ये सांगितलं. दिल्लीच्या रिजची ७,७७७ हेक्टर जमीन राखीव वन करण्याची पहिली अधिसूचना १९९४ची. सीमांकन आणि अतिक्रमणं यांत अंतिम अधिसूचना पुढची तीस वर्षं रेंगाळली.

त्यामुळे इथं कायदा शिकलेला, नगररचना शिकलेली, जीआयएसवर नकाशे करणारा अभियंता, सगळ्यांना जागा आहे. उलट वनस्पतीचं लॅटिन नाव येणाऱ्याला खसरा वाचता येत नसेल, तर तो ज्या जागी रोपं लावेल ती पुढच्या वर्षी कुणाच्या तरी पार्किंगमध्ये गेलेली असू शकते.

गैरसमज ५ : एक तोडलं, दहा लावली; हिशेब मिटला.

वस्तुस्थिती : दिल्लीच्या १९९४च्या वृक्ष संरक्षण कायद्यानुसार जमिनीपासून ३० सेंटिमीटरवर खोडाचा व्यास किमान ५ सेंटिमीटर आणि उंची किमान एक मीटर असली की ते ‘झाड’ ठरतं, आणि तोडायला वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते. २०२०च्या पुनर्रोपण धोरणानं हलवलेल्या झाडांपैकी ८० टक्के जगली पाहिजेत अशी अट घातली. ती पाळली गेली का, हे झाडाजवळ जाऊनच कळतं. पन्नास वर्षांच्या जांभळाची सावली दहा रोपं मिळून देत नाहीत, आणि रोपं दूरच्या कोपऱ्यात लावली तर सावली गमावलेल्या गल्लीला त्यांचा उपयोग शून्य. जगलेली झाडं मोजणारी माणसं नेहमीच कमी असतात. नव्या मुलांनी भरून काढावी अशी पोकळी इथं आहे.

गैरसमज ६ : दोन महिने केले की दाखला, दाखला मिळाला की नोकरी.

वस्तुस्थिती : पुष्कळ ठिकाणी मानधन नसतं किंवा जेमतेम प्रवासखर्च सुटतो, हे आधीच विचारून घ्यावं. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या चौकटीत पदवीच्या विद्यार्थ्याला ६० ते १२० तासांच्या इंटर्नशिपचे क्रेडिट मिळतात, तेव्हा महाविद्यालयाशी लेखी बोलणं करून ठेवावं.

त्याहून महत्त्वाचा आहे हंगाम. सुट्टी म्हणून सगळे मे-जूनमध्ये येतात. तेव्हा बिया गोळा होतात आणि लागवडीचे खड्डे तयार होतात. लागवड मात्र जुलै-ऑगस्टची, आणि रोपाची खरी परीक्षा पुढच्या मेमधल्या ४५ अंशांत. म्हणून सलग दोन महिन्यांपेक्षा एकाच जागी तीन हंगामांत तीन-तीन आठवडे जाणं जास्त शिकवतं. जाण्याआधी तीन प्रश्न विचारावेत : रोज कुणाच्या हाताखाली काम करायचं, मी गोळा केलेली माहिती कुठं वापरली जाणार, आणि गेल्या वर्षीच्या इंटर्नचा अहवाल बघायला मिळेल का. तिसऱ्या प्रश्नाच्या उत्तरावरून त्या संस्थेची पारख होते.

धीर धरला तर काय होतं, तेही दिल्लीतच दिसतं. जगतपूर गावाजवळ यमुनेकाठच्या ४५७ एकर उजाड जमिनीवर डीडीए आणि दिल्ली विद्यापीठानं प्रा. सी. आर. बाबू यांच्या मार्गदर्शनाखाली यमुना जैवविविधता उद्यान उभं केलं. २०१६मध्ये तिथं चक्क बिबट्या येऊन राहिला. गुरुग्राममध्ये २०१०च्या सुमारास नागरिकांनी खाणींच्या जागी इथलीच झाडं वाढवायला सुरुवात केली. २०२२मध्ये ते अरवली जैवविविधता उद्यान देशातलं पहिलं ‘ओईसीएम’ ठरलं, म्हणजे अभयारण्य नसूनही जैवविविधता जपणारं क्षेत्र. दोन्हीकडे दशकभराहून जास्त काळ गेला. दोन महिन्यांचा दाखला या हिशेबात फार लहान दिसतो.

गैरसमज ७ : दिल्लीत शिकलेलं महाराष्ट्रात कशाला उपयोगी पडणार?

वस्तुस्थिती : धौ सह्याद्रीत लावायचा नाही, हे खरं. कामाची पद्धत मात्र सोबत येते. २०२०मध्ये केंद्रानं नगर वन योजना जाहीर केली तेव्हा नमुना म्हणून पुण्याच्या वारज्याचं स्मृतिवन दाखवलं होतं. महाराष्ट्राचा शहरी वृक्ष कायदा १९७५चा, म्हणजे दिल्लीच्या आधीचा. वृक्ष प्राधिकरणं, वृक्षगणना, महापालिकांचे उद्यान विभाग इथंही आहेत. दापोली आणि अकोल्याच्या कृषी विद्यापीठांत वनविद्येची पदवी मिळते. गायरान, देवराई आणि झुडपी जंगल या नोंदींचा घोळ तर ‘गैर मुमकिन पहाड’ला मागे टाकेल असा आहे.

आपल्याकडे शेतकरी रान घेताना आधी उतारा बघतो, मग माती हातात घेऊन चुरगाळतो, विहिरीला पाणी किती ते विचारतो आणि शेजारी कोण आहे याची चौकशी करतो. काय पेरायचं, हा प्रश्न त्यानंतर येतो. शहरी वनीकरणाची इंटर्नशिप याच क्रमानं होत असेल, तर तुम्ही योग्य जागी आहात. पहिल्याच दिवशी हातात रोप दिलं गेलं, तर तेवढी चौकशी स्वतः करायला लागा.