चौतीस आणि चौसष्ट

नवे बियाणे खरेच जास्त उतारा देते का, हे पाहायचे असेल तर आपण काय करतो? एकाच रानात दोन पट्ट्या पाडतो. एकीत नवे वाण, दुसरीत नेहमीचे. मशागत सारखी, पाणी सारखे. मग खळ्यावर माप झाले की दुकानदाराच्या बोलण्यावर विसंबावे लागत नाही.

कर्करोगाच्या शास्त्रज्ञांनी अगदी असेच केले. आणि तेही आपल्याच महाराष्ट्रात, तेव्हाच्या उस्मानाबाद म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात. ही हकिकत घरातल्या बायकांना मुद्दाम वाचून दाखवा.

या कामाचे एक प्रमुख होते डॉ. आर. शंकरनारायणन. आधी तिरुवनंतपुरमच्या कर्करोग केंद्रात आणि पुढे फ्रान्समधील लियाँच्या आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेत त्यांनी काम केले. शास्त्रज्ञाची कामगिरी त्याच्या प्रसिद्ध निबंधांवरून मोजण्याची रीत आहे, आणि डॉक्टरांचे निबंध शेकडो आहेत. पण रास मोठी म्हणून धान्य चांगले असे आपण म्हणत नाही. दाणा भरला आहे का, ते पाहतो. तेच येथे पाहू.

पहिला निबंध २००५ सालचा, 'लॅन्सेट' साप्ताहिकातला. केरळात शिकवून तयार केलेल्या कार्यकर्त्यांनी लोकांची तोंडे तपासली. ते डॉक्टर नव्हते. तरीही तंबाखू खाणाऱ्या, ओढणाऱ्या आणि दारू पिणाऱ्यांत तोंडाच्या कर्करोगाचे मृत्यू ३४ टक्क्यांनी कमी झाले.

दुसरा निबंध आपल्याकडचा. बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय आणि मुंबईचे टाटा स्मारक केंद्र या कामात होते. १९९९ पासून ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रिया त्यात घेतल्या. गावांचे ५२ गट चिठ्ठ्या टाकल्यासारखे चार भागांत वाटले. एका भागात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला कारण होणाऱ्या एच.पी.व्ही. विषाणूची तपासणी झाली, दुसऱ्यात काचपट्टीवरची, तिसऱ्यात व्हिनेगरसारखे आम्ल लावून नुसत्या डोळ्यांनी. चौथ्या भागात माहिती दिली, पण तपासणी नव्हती.

आठ वर्षांनी हिशेब झाला. विषाणूची तपासणी एकदाच झालेल्या भागात या रोगाने ३४ स्त्रिया दगावल्या. तपासणी नसलेल्या, जवळपास तेवढ्याच संख्येच्या भागात ६४. बाकी दोन पद्धतींनी असा ठळक फरक दिसला नाही. मात्र तमिळनाडूतील दिंडिगल जिल्ह्यात आम्लाच्या तपासणीनेही मृत्यू घटल्याचे २००७ साली दिसले होते.

२००९ मध्ये हा निबंध अमेरिकेत प्रसिद्ध झाला. चौथ्या भागातील स्त्रियांना तपासणी का दिली नाही, अशी टीकाही पुढे झाली. ती समजण्यासारखी आहे. बिनखताच्या पट्टीत पीक असते. येथे कुणाच्या आया, कुणाच्या बहिणी होत्या.

तिसरे काम लशीचे. या रोगाविरुद्धच्या लशीचे दोन डोस पुरतात की तीन लागतात, हे पाहण्यासाठी २००९ मध्ये बार्शी, पुणे आणि देशातील इतर ठिकाणी मुलींना लस देणे सुरू झाले. २०१० मध्ये सरकारी आदेशाने ते मध्येच थांबले. सुमारे पाच हजार मुलींना एकच डोस मिळाला होता. त्यांच्याकडे दहा वर्षे लक्ष ठेवले, तेव्हा एका डोसानेही उत्तम संरक्षण मिळते असे दिसले. पाऊस मध्येच थांबावा आणि तरीही पीक हाती यावे, तसे हे झाले. अशा पुराव्यांवरून २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने एक डोसही चालेल असे मान्य केले. विषाणूची तपासणी आधी करावी, हे तिने २०२१ मध्येच सांगितले होते.

निबंधाचे खरे मोल हे असे असते. धाराशिवच्या खेड्यांतील बायकांच्या आकड्यांवर आज जगभरातील बायकांची तपासणी ठरते.

मग त्या गावांच्या शेजारी राहून आपण मागे का राहावे? हा रोग सुरुवातीला दुखत नाही, म्हणून त्रास होईपर्यंत थांबू नका. तिशी ओलांडलेल्या प्रत्येक बाईने आरोग्य केंद्रातील ताईंना विचारावे, विषाणूची तपासणी कोठे होते? ती मिळत नसेल तर जी मिळेल ती करून घ्यावी. घरात तंबाखू खाणारे असतील तर त्यांनी तोंड दाखवावे. मुलींच्या लशीचीही चौकशी करावी.

खुरपणीचा एक दिवस बुडाला तरी चालेल. ते चौसष्ट जीव गेले तेव्हा कुठे हे कळले. कळूनही आपण घरीच बसलो, तर त्यांचे देणे फिटायचे कसे?