बोअर घेण्याआधी जमीन तपासून घ्या



हातावरचा नारळ उभा राहिला की बोअरची गाडी बोलवायची, हे आपल्याकडे अजून चालते. पिशोर शिवारात मीही तेच केले. पाणाड्याने दाखविलेल्या दोन जागी तीन-तीनशे फूट गेलो. एकातून नुसता फुफाटा निघाला. दुसऱ्याला अर्धा इंच पाणी लागले, तेही माघात आटले. खोडवा जळाला, कर्ज अंगावर राहिले.

तिसऱ्या वेळी विद्युत रोधकता पाहणी करून घेतली. रीत जुनी आहे. फ्रान्समध्ये कॉनराड श्लुंबर्जे यांनी १९१२ साली तिचे प्रयोग केले. चार खुंट्या एका रेषेत ठोकतात. बाहेरच्या दोहोंतून जमिनीत प्रवाह सोडतात, आतल्या दोहोंमधला विजेचा दाब मोजतात. बाहेरच्या खुंट्या लांब नेल्या की प्रवाह अधिक खोलातून जातो आणि खालच्या थराचा अंदाज लागतो.

आपला खडक लाव्ह्याचा, थरावर थर. घट्ट काळा पाषाण वीज अडवितो, त्याचा आकडा शेकड्यांत जातो. पाणी धरलेला मुरूम वा भेगाळ खडक साधारण २० ते ५० ओहम-मीटर दाखवितो. मात्र फसगत इथेच होते. दोन थरांमधली तांबडी चिकण माती याहूनही कमी आकडा देते; तिच्यातून वीज जाते, पण ती पाणी सोडत नाही. तेव्हा ‘आकडा कमी तेवढे पाणी जास्त’ असे सांगणाऱ्यापासून सावध राहावे. यंत्र थर दाखविते, पाणी किती ते सांगत नाही.

माझ्या सोयीची, घराजवळची जागा तपासणाऱ्याने साफ नाकारली. मला राग आला, खोटे कशाला बोलू! त्याने ओढ्याकडचा बांध दाखविला. तिथे ८५ फुटांवर दीड इंच पाणी लागले. अडीच एकर उसाला ते पुरत नाही. एकच एकर ठिबकवर ठेवला आहे.

पाहणीच्या रेषेजवळ तारेचे कुंपण, लोखंडी पाइप वा विजेची लाइन नसावी. उन्हाळ्यात खुंटीच्या बुडाशी मिठाचे पाणी ओतावे. आणखी एक: २००९ च्या भूजल कायद्यात शेतीसाठी ६० मीटर, म्हणजे सुमारे २०० फूट, वा त्याहून खोल विहिरीस मनाई आहे. रेषेला खोलीच्या कितीतरी पट सरळ मोकळी जमीन लागते, म्हणून बांधाच्या शेजाऱ्याला आदल्या दिवशीच विचारून ठेवावे.