रिंगणातील नृत्य

न्यूयॉर्क शहराच्या ब्रॉन्क्स विभागात १९७० नंतरच्या काळात मोठी अवकळा पसरली होती. घरांना आगी लागत, हातांना काम नसे आणि तरुणांच्या टोळ्यांत वैर धुमसत असे. अशा ठिकाणी ११ ऑगस्ट १९७३ रोजी एका मुलीने शाळेच्या कपड्यांसाठी पैसे जमवावेत म्हणून नाचगाण्याचा कार्यक्रम योजिला. तबकड्या वाजविण्यास तिचा भाऊ होता. लोक त्याला कूल हर्क म्हणत. गाणे थांबून केवळ ताल उरतो, तोच तुकडा नाचणाऱ्यांना अधिक प्रिय असल्याचे त्याने हेरले होते. दोन तबकड्या आळीपाळीने वाजवून तो हा तुकडा लांबवू लागला. त्या तालावर जे नृत्य फुलले, तेच ‘ब्रेकिंग’ होय.

या नृत्यात सारे जण रिंगण धरून उभे राहतात. एकेक जण आत शिरतो, आपले कौशल्य दाखवितो आणि पुन्हा कडेला येऊन दुसऱ्यासाठी टाळ्या वाजवू लागतो. येथे चढाओढ असते. परंतु प्रतिस्पर्ध्याच्या अंगाला हात लावणे गैर मानतात. मुठींनी व्यक्त होणारे वैर कित्येकांनी अशा रीतीने पावलांनी व्यक्त केले.

२०२४ साली हे नृत्य पॅरिसच्या ऑलिंपिक सामन्यांत पोहोचले. तेथे परीक्षक होते, पदके होती. तथापि त्याचे खरे बळ रस्त्यावरील रिंगणातच आहे. कारण तेथे कोणीही केवळ प्रेक्षक नसतो.