अर्धी प्रार्थना कोण म्हणणार?

मैत्रिणींनो, रविवारची सकाळ म्हणजे आपल्या हक्काची! दूध तापवायचे, दुसऱ्या चहाचे आधण ठेवायचे आणि मुलांना जरा लोळू द्यायचे. आमच्या शेजारी मात्र रविवारी सकाळी सातलाच धांदल उडालेली असते. शेजारच्या वहिनी कॅथलिक. मुलीच्या वेण्या, इस्त्रीचा फ्रॉक, हरवलेला एक मोजा, "अगं वही घेतलीस का?" असा सगळा गजर आमच्या स्वयंपाकघरात ऐकू येतो. आधी चर्चमध्ये मिस्सा आणि मग तिथेच धर्मशिक्षणाचा वर्ग.

एका रविवारी आमच्या चिरंजीवांनी अंथरुणातूनच विचारले, "आई, त्यांच्यासारखी देवाची शाळा आपल्याला का नाही?"

मी म्हटले, "तू आधी दूध पी." उत्तर सुचले नाही की आपण दूधच पुढे करतो, नाही का?

पण प्रश्न डोक्यातून जाईना. शेवटी एका दुपारी वहिनींच्या ओटीवर वालाच्या शेंगा सोलता सोलता मी त्यांनाच विचारले, "तुमच्यात मुलांना हे सगळं शिकवतात तरी कसं?" त्या दुपारी सुरू झालेले बोलणे पुढे वर्षभर चालले. त्यातले थोडे तुम्हालाही सांगावेसे वाटले.

आम्ही राहतो वसईला. इथला ख्रिस्ती समाज काही काल-परवाचा नव्हे. 1534 ते 1739 अशी दोनशे वर्षे वसईवर पोर्तुगीजांचा अंमल होता, आणि त्या काळापासूनची चर्चेस इथे आजही गजबजलेली आहेत. पण ह्या लोकांची भाषा मराठीच. घरात कोणी सामवेदी बोलतात, कोणी वाडवळी. गोव्यात फादर थॉमस स्टीफन्स ह्या इंग्रज धर्मगुरूने मराठी ओव्यांत रचलेले 'ख्रिस्तपुराण' 1616 साली छापले गेले, हे आपण शाळेत वाचलेले असते. वसईचेच फादर फ्रान्सिस दिब्रिटो 2020 साली उस्मानाबादच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. ते 2024 मध्ये गेले, तेव्हा आमच्या आळीत सगळ्याच घरांतून हळहळ झाली.

एका चर्चच्या भोवतालची जी वस्ती, तिला इथे धर्मग्राम म्हणतात. किती छान शब्द आहे पाहा! आणि खरोखरच गावासारखाच कारभार. प्रमुख धर्मगुरू असतात, पण त्यांची काही वर्षांनी बदली होते. गाव सांभाळायचे ते गावकऱ्यांनीच. गायनमंडळ कोणी बघायचे, आजाऱ्यांकडे कोणी जायचे, नाताळचा गोठा कोणी उभारायचा, हे सगळे वाटून घेतलेले. शेजारच्या काही घरांचा मिळून एक लहान समूह असतो. तो अधूनमधून कोणाच्या तरी घरी जमतो, बायबलमधला उतारा वाचतो आणि कोणाकडे काय अडले आहे ह्याची विचारपूस करतो.

मुलांची पायरी पायरीही ठरलेली. तान्हेपणी बाप्तिस्मा. मग साधारण आठव्या-नवव्या वर्षी पहिला ख्रिस्तप्रसाद, म्हणजे प्रथम कम्युनियन. तेव्हाचे ते पांढरेशुभ्र कपडे आणि मेणबत्त्या तुम्ही पाहिल्या असतीलच. पुढे मोठेपणी दृढीकरण. लहानपणी आईबापांनी मुलाच्या वतीने जो शब्द दिला, तो आता मुलाने स्वतः पक्का करायचा.

वहिनी स्वतः चौथीच्या मुलांचा वर्ग घेतात. पगार नाही, मानधन नाही. शनिवारी रात्री भांडी आवरली की त्या चष्मा लावून तयारीला बसतात.

"मग काय, तुमच्या मुलांची काळजी मिटली!" मी म्हटले.

वहिनींचा हात शेंगांवरच थांबला. "ताई, तिथेच तर चुकतं. वर्गात पोरं प्रार्थना घडाघडा म्हणतात. मी विचारते, घरी कोणाबरोबर म्हणता? की सगळी माझ्याकडे नुसती बघत बसतात. आठवड्यातून एक तास मी काय पुरणार?"

बाप्तिस्म्याच्या वेळी धर्मगुरू आईबापांना बजावूनच सांगतात, की ह्या बाळाचे श्रद्धेतले पहिले शिक्षक तुम्ही. मग मोठ्या मेणबत्तीवरून एक छोटी मेणबत्ती पेटवून ती घरच्यांच्या हाती देतात. चर्चच्या 1983 सालच्या धर्मसंहितेतही हेच आहे. आईवडिलांनी आपल्या शब्दांनी आणि वागण्याने मुलांना घडवायचे, हे कर्तव्य इतर सगळ्यांच्या आधी त्यांचे.

"ती मेणबत्ती आम्ही शोकेसमध्ये ठेवतो," वहिनी म्हणाल्या, "आणि मुलाला वर्गात पाठवतो."

त्यांचे हे बोलणे दुसऱ्या कोणाबद्दल नव्हते, हे मला पुढे कळले. त्यांचा थोरला अकरावीत. दृढीकरण झाले, फोटो झाले, घरी जेवणावळ झाली, आणि त्यानंतर स्वारीने मिस्सेला जाणेच सोडले. "पाठ केलं होतं, म्हणून दाखवलं, झालं की!" असे तो तोंडावर म्हणाला. दुसऱ्यांच्या मुलांना शिकवणारी बाई मी, आणि माझाच मुलगा घरात झोपलेला असतो, हे सांगताना वहिनींचे डोळे भरून आले. काय बोलावे ते मला सुचेना. मी आपली शेंगा सोलत राहिले.

आणि ह्या घरात आणखी एक गोष्ट घडत होती, ती मात्र कोणाच्या ध्यानात आली नव्हती.

वहिनींच्या सासूबाई, आम्ही त्यांना आजीच म्हणतो, रोज तिन्हीसांजेला जपमाळ घेऊन बसतात. जपमाळेची रीत अशी. पाच भाग, प्रत्येक भागात एकदा प्रभूची प्रार्थना आणि दहा वेळा 'नमो मारिया'. पण ती एकट्याने म्हणायची नसते. म्हणजे म्हटली तरी चालते, पण घरात म्हणताना एकाने पहिला अर्धा भाग म्हणायचा आणि बाकीच्यांनी उरलेला अर्धा. आपल्या आरतीला जसा झिलकरी लागतो, तसेच.

आजींच्या लहानपणी मिस्सा लॅटिन भाषेत होई. धर्मगुरू काय म्हणतात ते घरच्या बायकांना कळत नसे. 1962 ते 1965 ह्या काळात रोमला व्हॅटिकनमध्ये मोठी परिषद भरली, त्यानंतर लोकांच्या भाषेत उपासना करण्याची मोकळीक झाली आणि वसईत मराठी मिस्सा घुमू लागली. "तेव्हा वाटलं, देव आपल्या घरातलं बोलू लागला," असे आजी सांगतात.

आता गंमत पाहा. म्हणजे गंमत कसली! नातवंडे इंग्रजी शाळेत. त्यांना प्रार्थना येतात, पण इंग्रजीतून. आजी मराठीतून पहिला अर्धा भाग म्हणत, तर पुढचा अर्धा म्हणायला कोणी नाही. सून स्वयंपाकात, मुलगा लोकलच्या गर्दीत, नातवंडे क्लासला. मग आजी दोन्ही अर्धे स्वतःच म्हणत. किती वर्षे हे चालले होते कोण जाणे.

गेल्या पावसाळ्यात आजी पडल्या. खुब्याचे हाड मोडले. त्या दोन-तीन महिन्यांत धर्मग्राम म्हणजे काय ते मी डोळ्यांनी पाहिले. समूहातल्या बायकांनी डब्याच्या पाळ्या लावल्या. कोणी केळी आणून दिली, कोणी रात्री उशाशी बसले. पहिल्या शुक्रवारी फादर घरी ख्रिस्तप्रसाद घेऊन येत. त्या दिवशी टेबलावर पांढरे कापड, क्रूस आणि दोन मेणबत्त्या मांडायच्या असतात. वहिनी नेमक्या औषधे आणायला गेल्या होत्या, तर ही मांडामांड थोरल्याने केली. कशी करायची ते त्याला बरोबर ठाऊक होते!

त्याच आठवड्यात एका संध्याकाळी आजींचा आवाज खोल गेला होता. पहिला अर्धा भाग कसाबसा म्हटला आणि त्या थांबल्या. दाराशी मोबाईल घेऊन बसलेल्या नातवाने मान वर न करता पुढचा अर्धा म्हटला. अडखळत, पण मराठीत. पडवीतून ऐकणाऱ्या वहिनी मला म्हणाल्या, "ताई, मी हे त्याला कधी शिकवलंच नव्हतं. रोज कानावर पडत होतं, ते आत राहिलं होतं."

तो आता दर रविवारी मिस्सेला जातो, असे मी सांगणार नाही, कारण ते खरे नाही. पण आजींना स्कूटरवरून चर्चपर्यंत तो सोडतो, आणि कधीकधी आत जाऊन मागच्या बाकावर बसतो. वहिनी काही विचारत नाहीत. "विचारलं की उठून जाईल," म्हणतात.

वहिनींनी आपल्या घरात मात्र दोन बदल केले. संध्याकाळी क्लासच्या वेळेला जपमाळ जमेना, म्हणून ती जेवणानंतर ठेवली. पाचही भागांचा हट्ट सोडला. एकच भाग, चार-पाच मिनिटांचा, पण सगळ्यांनी मिळून. एक दिवस मराठीत, एक दिवस इंग्रजीत. इंग्रजीच्या दिवशी आजी चुकतात आणि धाकटी त्यांना शिकवते. आणि वर्गातल्या मुलांना आता वहिनी पाठांतराऐवजी एक काम देतात. घरातल्या मोठ्या माणसाकडून एक प्रार्थना त्यांच्या भाषेत शिकून यायची.

मैत्रिणींनो, माझ्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर मला अजून पुरते मिळालेले नाही. आपल्याकडे रविवारची शाळा नाही हे खरे. पण ज्यांच्याकडे ती इतकी नीट चालते, त्यांनाही ती एकटी पुरत नाही, हे मी पाहिले. आपल्या घरी परवचा होती, शुभंकरोती होती. ती कधी बंद झाली, आठवते का? आमच्याकडे तर माझ्या सासूबाई आजही दिवा लावून ती पुटपुटतात, एकट्याच.

काल मी गॅस बारीक केला आणि त्यांच्या शेजारी जाऊन बसले. चिरंजीव लांबून बघत होते. मी काही बोलले नाही. उद्याही बसणार आहे.