माहितीचे दलाल

धान्यबाजारातला दलाल तुम्हाला ठाऊक असेल. आता माहितीचा दलाल पाहू. तुम्ही काय विकत घेतले, मोबाईल खिशात घेऊन कोठे कोठे गेलात, असे तुकडे तो ठिकठिकाणांहून मिळवतो, जुळवतो आणि तिसऱ्यालाच विकतो. रुग्णालयाच्या रोजच्या फेऱ्यांवरून घरातील आजारपणाचाही अंदाज बांधता येतो! तुमचा आणि त्या दलालाचा मात्र कधी संबंधच आलेला नसतो. मग ज्याचे नावही माहीत नाही, त्याला ‘माझी माहिती पुसून टाक’ असे सांगणार कसे?

अमेरिकेतील व्हरमाँट राज्याने २०१८ साली कायदा करून दलालांना दरवर्षी नावनोंदणी सक्तीची केली. नावे कळली, पण पुसण्याचा हक्क त्यात नव्हता. कॅलिफोर्नियात तो २०२० पासून होता, परंतु आपण स्वतः दिलेल्या माहितीपुरताच. दलाल त्यातून निसटत.

म्हणून कॅलिफोर्नियाने २०२३ साली नवा कायदा केला. राज्यातील रहिवाशाने एकदाच अर्ज करायचा. १ ऑगस्ट २०२६ पासून प्रत्येक नोंदणीकृत दलालाने दर ४५ दिवसांनी अर्ज तपासून माहिती पुसायची. पुनःपुन्हा कशाला? कारण शेतातल्या तणासारखी ती पुन्हा उगवते; रोज नवी खरेदी, नवा प्रवास चालूच असतो. कुचराई केल्यास प्रत्येक अर्जामागे दिवसाला २०० डॉलर दंड.

मतदारयादीसारख्या सरकारी नोंदींतून आलेली माहिती मात्र या अर्जाने पुसली जात नाही. तसेच ज्या दुकानात तुम्ही स्वतः खरेदी केली, त्याच्याकडची नोंदही तशीच राहते.